दिवाळीच्या सुट्टीतली सेवा: नागपूरच्या एका शाळेची नेपाळ-सहल

शाळकरी मुलांच्या परदेशी सेवा-सहलीत सर्वांत आधी तारीख ठरते आणि ती जवळजवळ नेहमीच पाहुण्यांच्या सुट्टीवरून ठरते. कामाचे स्वरूप, गाव, शाळा आणि भेटणारी मुले हे सारे त्या तारखेत बसवले जाते. नागपूरच्या एका खाजगी शाळेच्या नववीच्या वर्गाबाबत असेच घडत होते. ते वेळीच कसे लक्षात आले, त्यानंतर बेत कसा बदलला आणि बदललेल्या बेतातही काय जमले नाही, याची ही नोंद आहे. शाळा, प्रवासी कंपनी आणि व्यक्ती यांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत. मी समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्य शिकवते. पालकसभेच्या विनंतीवरून या प्रकरणात मी सल्ला दिला आणि नंतर शाळेची फाइल, सभांची इतिवृत्ते व विद्यार्थ्यांच्या वह्या वाचून हे लेखन केले.

मूळ प्रस्ताव

शाळेने नेपाळ निवडले, त्यामागची कारणे साधी होती. भारतीय नागरिकांना तिथे व्हिसा लागत नाही. पंधरा ते अठरा वयाच्या विद्यार्थ्यांना मुख्याध्यापकांनी ठरावीक नमुन्यात दिलेले ओळखपत्रही चालते. नागपूरहून राप्तीसागर एक्स्प्रेसने थेट गोरखपूरला जाता येते आणि तिथून सोनौलीची सीमा सुमारे 100 किलोमीटरवर आहे. त्याखेरीज एक कारण नागपूरचे खास होते. वर्गातील बऱ्याच घरांचे दीक्षाभूमीशी नाते आहे. ज्या आजी-आजोबांनी 14 ऑक्टोबर 1956 चा धम्मदीक्षेचा दिवस पाहिला किंवा घरात ऐकला, त्यांच्या नातवंडांनी लुंबिनी पाहावी ही इच्छा पालकांनी स्वतःहून बोलून दाखवली होती.

प्रवासी कंपनीने दिवाळीच्या सुट्टीचा आराखडा दिला. लुंबिनीचे दर्शन, जवळच्या एका गावातील शाळेत दोन दिवस भिंती रंगवणे व इंग्रजी शिकवणे, मग पोखऱ्याला जाऊन एका बालगृहात दोन दिवस मुलांसोबत खेळ व खाऊवाटप, आणि शेवटी फेवा तलाव व सूर्योदयदर्शन असा तो बेत होता. सेवेच्या तासांचे प्रमाणपत्रही मिळणार होते. आराखडा देखणा होता. पालकांनी आगाऊ रकमा भरण्यास सुरुवातही केली होती.

पहिली शंका

या आराखड्यातली अडचण दाखवून दिली ती शाळेच्या रात्रपाळीच्या पहारेकरी काकांनी. ते मूळचे पश्चिम नेपाळच्या डोंगराळ भागातले असून कित्येक वर्षे नागपुरात आहेत. सूचनाफलकावरची सहलीची जाहिरात वाचून त्यांनी क्रीडाशिक्षकांना सहज विचारले की दिवाळीत तिकडे तिहार असतो, शाळा बंद असतात, मग मुले शिकवणार कोणाला? नेपाळमध्ये दसैंच्या, म्हणजे तिथल्या दसऱ्याच्या, दीर्घ सुट्टीनंतर थोड्याच दिवसांत तिहार येतो. तराईत, म्हणजे दक्षिणेकडील सखल पट्ट्यात, त्याला लागूनच छठ हा सूर्यपूजेचा सण असतो. दसैंला घरातील वडीलधाऱ्यांच्या हातून टीका (कपाळावरचा टिळा) आणि जमरा (जवाचे कोवळे अंकुर) घेण्यासाठी आणि तिहारात भाईटीकेसाठी दूर राहणारी माणसेही घर गाठतात. नागपूरच्या मुलांची भाऊबीज आणि तिथली भाईटीका एकाच सुमारास येते, ही गोष्ट आराखडा करणाऱ्याच्या ध्यानात आली नव्हती किंवा आली असूनही महत्त्वाची वाटली नव्हती.

क्रीडाशिक्षकांनी कंपनीला पत्र लिहून विचारणा केली. उत्तर असे आले की गावातील शाळा खास उघडली जाईल, मुलांना बोलावून घेतले जाईल, आणि बालगृहाची तर काहीच चिंता नाही, तिथली मुले वर्षभर उपलब्ध असतात. हे उत्तर माझ्या मते संपूर्ण प्रकरणाचा कणा आहे. ते लिहिणाऱ्याचा हेतू वाईट होता असे मी मानत नाही, परंतु त्या एका वाक्यात बरेच काही उघडे पडले होते. सणाला ज्यांना घरी जाता येत नाही अशी मुले पाहुण्यांच्या सोयीची ठरत होती, आणि त्यांना घरी का जाता येत नाही हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

बालगृहाचा प्रश्न

मुख्याध्यापिकांनी मला बोलावले ते या टप्प्यावर. परदेशी स्वयंसेवक आणि बालगृहे यांच्या संबंधाबाबत गेल्या दोन दशकांत पुष्कळ माहिती जमा झाली आहे आणि ती अस्वस्थ करणारी आहे. कंबोडियात 2005 ते 2010 या काळात अशा निवासी संस्थांची संख्या 75 टक्क्यांनी वाढली. त्याच काळात तिथले पर्यटन भरभराटीला येत होते, आणि संस्थांमधील सुमारे तीन-चतुर्थांश मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचे आढळले. नेपाळमधील बालगृहांतही ज्यांचे आई-वडील किंवा त्यांपैकी एक जण जिवंत आहे, अशाच मुलांचे प्रमाण मोठे आहे. देशात 77 जिल्हे असताना ही गृहे मात्र काठमांडू खोरे, पोखरा ज्यात येते तो कास्की जिल्हा आणि चितवन अशा पर्यटकांच्या वाटेवरच्या भागांत एकवटलेली दिसतात. दुर्गम गावांतील पालकांना चांगल्या शिक्षणाचे आश्वासन द्यायचे, मुले शहरात आणायची आणि पाहुण्यांसमोर ती अनाथ म्हणून उभी करायची, अशी साखळी तिथे उघडकीस आलेली आहे. 2015 च्या भूकंपानंतर मुलांना अशा रीतीने घरापासून दूर नेले जाऊ नये म्हणून नेपाळ सरकारला विशेष निर्बंध घालावे लागले. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 2019 च्या डिसेंबरमध्ये बालहक्कांवरील ठरावात या प्रकारच्या पर्यटनाचा व स्वयंसेवेचा स्पष्ट उल्लेख केला.

याचा अर्थ प्रत्येक बालगृह खोटे असते असा नाही. नववीतल्या मुलांच्या गटाला दोन दिवसांत खरे-खोटे कळण्याचा मार्ग नसतो, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय संस्था प्रामाणिक असली, तरी दर पंधरवड्याला नवे चेहरे येणार, जीव लावणार आणि निघून जाणार, हे तिथल्या लहान मुलांना सोसावे लागते.

आम्ही कंपनीमार्फत त्या संस्थेला चार प्रश्न पाठवले. नोंदणी कोणाकडे आहे, किती मुलांचे पालक हयात आहेत, सणाला त्यांना घरी पाठवण्याची काय व्यवस्था आहे, आणि आम्ही न येता केवळ मदत पाठवली तर ती मुलांना घरी राहून शिकता यावे यासाठी वापरली जाईल काय. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आले. बाकीच्या तिन्हींबाबत, प्रत्यक्ष भेटीशिवाय विद्यार्थ्यांना अनुभव मिळणार नाही, असे सांगण्यात आले. मुख्याध्यापिकांनी बालगृहाचा कार्यक्रम त्याच दिवशी रद्द केला.

पालकसभा बरीच तापली. एका वडिलांनी अगदी मनापासून विचारले की आपण मुलांचे वाढदिवस इथल्या बालगृहांत साजरे करतोच, केक कापतो, जेवण देतो, मग तिथे जाण्यात वावगे ते काय? नागपुरात ही प्रथा सर्रास आहे आणि ती चांगल्या भावनेने पाळली जाते, म्हणून त्या प्रश्नाला मी टाळाटाळ न करता उत्तर दिले. ज्या मुलाचा वाढदिवस असतो, त्याच्या आनंदासाठी दुसऱ्या मुलांनी रांगेत बसून टाळ्या वाजवायच्या असतात, आणि महिन्यातून कितीतरी वेळा वाजवायच्या असतात. त्यांचे फोटो पुढे मोबाइलवर फिरतात, वास्तविक आपल्याकडील 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 74 नुसार अशा बालकांची ओळख उघड करण्यास मनाई आहे. ते गृहस्थ गप्प बसले नाहीत, त्यांना हे पटलेही नाही. पण त्यांचा मुलगा पुढे सहलीला गेला आणि त्याने तिथे उत्तम काम केले, हेही नोंदवले पाहिजे.

दुसऱ्या पालकांनी मेळघाटाचा मुद्दा काढला. धारणी-चिखलदरा आपल्या दाराशी असताना सीमेपार कशाला जायचे? हा आक्षेप मला आजही बिनतोड वाटतो. शाळेचे म्हणणे असे होते की लुंबिनी पाहण्याची इच्छा खरी आहे आणि तिला जोडून काही काम करता आले तर करावे. मी एवढेच सुचवले की मग ही सहल आहे असे स्पष्ट म्हणावे, सेवेच्या तासांचे प्रमाणपत्र बंद करावे, आणि तारखा यजमानांना ठरवू द्याव्यात.

यजमानांच्या अटी

पहारेकरी काकांच्या ओळखीतून ओळख निघत लुंबिनी ज्यात येते त्या रुपन्देही जिल्ह्यातील एका सामुदायिक शाळेच्या हेडसरांशी संपर्क झाला. तिथे मुख्याध्यापकांना हेडसरच म्हणतात. फोनवरची बोलणी हिंदीतून झाली. त्यांनी पत्राने कळवलेल्या गोष्टी मी माझ्या विद्यार्थ्यांना दरवर्षी वाचून दाखवावे म्हणते, इतक्या त्या नेमक्या होत्या.

नोव्हेंबरच्या अखेरीस यावे, कारण त्याआधी सण आहेत आणि त्यानंतर तराईत धुके व थंडीची लाट येते, तेव्हा शाळाच बंद ठेवाव्या लागतात. इंग्रजी शिकवू नये, परीक्षेच्या आधी अभ्यासक्रम मोडता येणार नाही. भिंती रंगवू नयेत, त्या मागच्याच वर्षी रंगवल्या आहेत. कपडे किंवा खेळणी वाटू नयेत, त्यावरून गावात भांडणे होतात. शौचालयाजवळ हात धुण्यासाठी नळांचा ओटा बांधायचा आहे, विटा आणि सिमेंटची सोय स्थानिक पालिकेकडून झाली आहे, मजुरी अडली आहे, ते काम करावे. ग्रंथालयाची पुस्तके खोक्यांत पडली आहेत, त्यांची यादी करावी. शेवटची अट मात्र शाळेला अनपेक्षित होती. गवंड्यासोबत गावातील दोन मजूर काम करतात, विद्यार्थी आले म्हणून त्यांचा रोज बुडता कामा नये, तेव्हा विद्यार्थी राबणार असले तरी त्या दोघांची मजुरी पाहुण्यांनी द्यावी, आणि ती गट परतल्यावरही आठवडाभर चालू ठेवावी.

ही शेवटची अट काही पालकांना चमत्कारिक वाटली. आमची मुले फुकट काम करणार आणि वर मजुरीही आम्हीच द्यायची? तिचे उत्तर प्रत्यक्ष कामात मिळाले.

तारीख बदलल्याने नुकसान झाले ते झालेच. हॉटेलची आगाऊ रक्कम बुडाली, शिकवणीच्या परीक्षा आड आल्याने काही मुले गळाली, आणि शाळेला आपले अध्यापनाचे दिवस द्यावे लागले. गट जवळजवळ निम्मा झाला.

ओट्याचे काम

सोनौलीला सशस्त्र सीमा बलाच्या जवानांनी गटाला थांबवून प्रत्येक मुलाचे ओळखपत्र, पालकांचे संमतिपत्र आणि सोबतच्या शिक्षकांची कागदपत्रे तपासली. या सीमेवरून मुलांची तस्करी होते म्हणून अल्पवयीन मुलांच्या गटांची अशी विचारपूस होते. ज्या विषयावर पालकसभेत वाद झाला, तो इथे मुलांना वर्दीतल्या माणसाच्या तोंडून ऐकायला मिळाला, आणि बऱ्याच जणांनी त्या संध्याकाळी वहीत फक्त एवढेच लिहिले.

नेपाळमध्ये साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते, त्यामुळे रविवारी सकाळी काम सुरू झाले. गवंड्याला सगळे दाइ, म्हणजे दादा, म्हणत. दाइने पहिल्या तासातच ठरवून टाकले की थापी कोणा विद्यार्थ्याच्या हाती द्यायची नाही. मुलांनी वाळू चाळायची, विटा भिजवायच्या, घमेली भरायची आणि ती अर्धीच भरायची. विटा किती वेळ भिजवायच्या हे एका मुलीने विचारले, तेव्हा दाइने तिला पाण्याच्या टाकीजवळ बसवले आणि विटेतून निघणारे बुडबुडे दाखवले. ते थांबले की वीट काढायची, नाहीतर कोरडी वीट मसाल्यातले पाणी शोषून घेते आणि सांधा कच्चा राहतो. त्या मुलीने दिवसभर तेच काम केले. तिच्या वहीत त्या दिवशी विटांचा हिशेब आहे, भावनांविषयी एक ओळही नाही, आणि मला ते पान गटातल्या सर्व लेखनात श्रेष्ठ वाटते.

दुसऱ्या दिवशी नळांची उंची ठरवताना आमच्या विद्यार्थ्यांनी टेपने माप घेऊन खूण केली. ते माप त्यांच्या स्वतःच्या कमरेचे होते. दाइने पहिलीच्या वर्गातून एका लहान मुलीला बोलावले, तिला हात पुढे करायला सांगितले आणि विटेच्या तुकड्याने खाली दुसरी खूण केली. अखेर ओटा दोन पातळ्यांचा झाला.

ओट्याचे पाणी पिण्यासाठी वापरायचे नाही, हे हेडसरांनी पहिल्याच दिवशी बजावले होते. रुपन्देही आणि शेजारच्या नवलपरासीसह तराईच्या काही भागांत हातपंपाच्या पाण्यात आर्सेनिक आढळते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम आहे, तर नेपाळच्या मानकात ती 50 आहे. विदर्भात यवतमाळ आणि चंद्रपूर भागात फ्लोराइडच्या पाण्याने हाडे आणि दात बिघडलेली माणसे आहेत, हे आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांना तिथे गेल्यावर, विज्ञानाच्या शिक्षकांनी सांगितल्यावर कळले. आपल्या घराजवळची गोष्ट इतक्या दूर जाऊन कळावी, याचे मला वाईट वाटते, पण कळली हे बरे झाले.

गिलावा गुरुवारी पूर्ण झाला. शुक्रवारी अर्धा दिवस शाळा, मग निरोप आणि प्रस्थान, असा बेत होता. सिमेंटच्या कामाला मात्र त्यानंतरच पाणी मारावे लागते. साध्या सिमेंटला किमान 7 दिवस आणि राख मिसळलेल्या सिमेंटला त्याहून अधिक दिवस ते ओले ठेवावे लागते. तसे केले नाही तर पृष्ठभागाला भेगा पडतात आणि वर्षभरात गिलावा सुटतो. शनिवारी शाळेला कुलूप असते आणि हातपंप आवारात आत आहे. हेडसरांच्या मजुरीच्या अटीचा अर्थ विद्यार्थ्यांना इथे उलगडला. त्या दोन मजुरांपैकी एकाकडे आवाराची किल्ली देण्यात आली आणि तो आठवडाभर सकाळ-संध्याकाळ ओट्याला पाणी मारत राहिला. विद्यार्थ्यांनी केलेले काम त्यामुळे टिकले. पाहुण्यांच्या मुक्कामापेक्षा सिमेंटला लागणारे दिवस जास्त असतात, आणि ते दिवस कोणीतरी पगारी माणसानेच भरून काढायचे असतात, हे आराखडा करणाऱ्या प्रत्येक शाळेने खर्चाच्या तक्त्यात धरायला हवे.

ग्रंथालयाचे काम अपुरे राहिले. नेपाळी देवनागरीतच लिहितात, त्यामुळे आमची मुले शीर्षके वाचू आणि उतरवू शकत होती, परंतु पुस्तक गोष्टीचे की इतिहासाचे हे त्यांना उमगत नव्हते. मग तिथली सातवीची मुले शेजारी बसून वर्ग पाडू लागली आणि यजमान शिकवणारे, पाहुणे लिहून घेणारे असा क्रम लागला. गट निघाला तेव्हा दोन खोकी उघडायची राहिली होती.

जे बिघडले

एका विद्यार्थ्याने वाटपाच्या बंदीकडे दुर्लक्ष करून आपले मनगटी घड्याळ तिथल्या मित्राला दिले. दुसऱ्या दिवशी त्या मुलाभोवती इतर मुले जमली, दुपारपर्यंत हमरीतुमरी झाली, आणि हेडसरांना त्याच्या घरी जावे लागले. घड्याळ परत घेतले गेले नाही. तसे करणे अधिक अपमानाचे ठरले असते, असे हेडसरांचे मत होते आणि ते योग्य होते. एका मुलीने पहिलीतल्या मुलीचा नळाजवळचा फोटो समाजमाध्यमावर टाकला. तो काही तासांत काढायला लावला, तोपर्यंत तो नागपूरच्या पालकांच्या गटात पोचला होता. तिने वाईट हेतूने तसे केले नव्हते. निघण्यापूर्वी तासभराचे व्याख्यान देऊन ही सवय जात नाही, त्यासाठी मोबाइल कामाच्या वेळेत शिक्षकांकडे जमा ठेवण्याचा नियमच हवा होता.

खर्चाचा हिशेबही उघडपणे मांडला पाहिजे. तो ओटा दाइ आणि दोन मजुरांनी आमच्या मुलांविना लवकर बांधला असता, आणि सहलीवर झालेल्या खर्चात असे कितीतरी ओटे झाले असते. हे अहवालात लिहावे की नाही यावर शाळेत चर्चा झाली, आणि मुख्याध्यापिकांनी ते पहिल्याच पानावर लिहायला लावले. मला त्यांचा हा निर्णय बालगृहाचा कार्यक्रम रद्द करण्याइतकाच मोलाचा वाटतो. मुलांच्या शिक्षणावर झालेला खर्च शिक्षणाच्याच खात्यात दाखवावा. तो यजमानांवर केलेला उपकार म्हणून मांडला की पुढच्या वर्षी यजमानांना नकार देणे अवघड होते.

आमच्या भागात याचे एक जुने उदाहरण आहे. चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला बाबा आमटे यांनी सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीत अनेक दशके तरुण येतात, कुदळ-फावडे हाती घेतात. तिथे कोणी आपण आनंदवनाचे भले करायला आलो अशा भावनेने येत नाही, शिकायला येतो.

पुढे

दुसऱ्या वर्षी पालकांनी उन्हाळ्यातच विचारणा सुरू केली. शाळेने हेडसरांना पत्र पाठवले आणि या वेळी त्यात तारीख सुचवली नव्हती. उत्तरात त्यांनी कळवले की ओटा चांगल्या स्थितीत आहे, दोन तोट्या गळत होत्या त्या गावातच बदलून घेतल्या, उरलेल्या खोक्यांची यादी सातवीच्या मुलांनी पूर्ण केली. या वर्षी दोन वर्गखोल्यांचे बांधकाम चालू असल्याने गटाची राहण्याची सोय होणार नाही, तेव्हा येऊ नये. ग्रंथालय सांभाळणाऱ्या तिथल्या शिक्षिकेला मात्र नागपूरच्या शाळेचे ग्रंथालय आणि पुस्तक देवघेवीची पद्धत आठवडाभर पाहायची आहे, तशी व्यवस्था होईल काय, अशी विचारणा त्यांनी केली होती.

मुख्याध्यापिकांनी त्या शिक्षिकेच्या येण्या-जाण्याचा व राहण्याचा खर्च शाळेने करावा असा प्रस्ताव पालकसभेपुढे ठेवला. तो मंजूर झाला, विरोधात मते पडली तीही कमी नव्हती. नववीच्या नव्या तुकडीसाठी धारणी तालुक्यातील एका आश्रमशाळेला पत्र गेले असून, त्यात आमच्या दिवाळीच्या सुट्टीचा उल्लेख केलेला नाही.